पडद्यावर ४ अंश, पेटीत किती?

मुंबईहून पहाटे निघालेल्या गाडीतल्या ४० लिटरच्या फ्रीजचं झाकण संध्याकाळी मालवणला उघडलं, की पुष्कळदा दोन गोष्टी एकदम नजरेस पडतात. भिंतीला टेकलेली कोथिंबीर गडद, ओलसर आणि लुळी झालेली असते. ती गोठून पुन्हा सुटलेली असते. आणि सगळ्यात वर, झाकणाला लागून ठेवलेलं दूध नासायच्या बेतात असतं. मधल्या सगळ्या तासांत पडद्यावरचा ४ हा आकडा मात्र हललेला नसतो. यंत्र बिघडलेलं नसतं आणि आकडाही खोटा नसतो. तो पेटीतल्या एका जागेचा आकडा असतो, आणि आपलं अन्न त्या जागेवर ठेवलेलं नसतं.

अन्नाला सरासरी तापमानाचा काही उपयोग नाही. एका कोपऱ्यात उणे १ आणि दुसऱ्यात ९ अंश असले तर सरासरी ४ भरते. पण पहिल्या कोपऱ्यातली भाजी गोठते आणि दुसऱ्यातलं मटण धोक्यात येतं. म्हणून प्रवासी फ्रीज विकत घेतल्यावर पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की त्यातला गारवा सगळीकडे सारखा पोचतो का? या प्रश्नाचं उत्तर काही अंशी यंत्रात आहे. पण बरंचसं आपण पेटी कशी भरतो यावर अवलंबून आहे.

अरुंद पट्टा

प्रवासात अन्न सांभाळायचं तर हाताशी फार थोडे अंश असतात. खालची मर्यादा गोठण्याची. दूध उणे अर्ध्या अंशाच्या आसपास गोठायला लागतं, पालेभाज्या शून्याच्या जराशा खाली. पानांच्या पेशींतल्या पाण्याचा बर्फ झाला की त्याचे स्फटिक पेशींच्या भिंती फोडतात, आणि मग कितीही जपलं तरी ती भाजी पूर्ववत होत नाही.

वरची मर्यादा जिवाणूंची. शिजवलेलं अन्न ५ अंशांच्या खाली किंवा ६० अंशांच्या वर ठेवावं आणि बाहेरच्या तापमानाला २ तासांहून जास्त राहू देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कारण साधं आहे. मनाजोगती ऊब मिळाली तर काही जिवाणू २० मिनिटांत दुप्पट होतात. म्हणजे एकाचे ३ तासांत ५१२. पाच अंशांखाली बहुतेकांची ही वाढ अगदी मंदावते. ती पूर्ण थांबत नाही; लिस्टेरियासारखा जिवाणू फ्रीजच्या थंडीतही हळूहळू वाढत राहतो. म्हणून फ्रीज म्हणजे अन्नाला मिळालेली मुदतवाढ समजावी, आणि ती मुदत पेटीतल्या सर्वांत उबदार जागेनुसार मोजावी.

थोडक्यात, १ ते ५ अंश हा आपला पट्टा. घरच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये तो सांभाळायला आत पंखा असतो, जो थंड हवा सगळ्या कप्प्यांतून फिरवतो. गाडीतल्या बहुतेक पेटीवजा फ्रीजमध्ये असा पंखा नसतो. तिथे हवा आपल्याच वजनाने हलते, आणि ती थंड झाली की खाली बसते.

पेटीत थर कसे पडतात

वरून उघडणाऱ्या कॉम्प्रेसर-फ्रीजमध्ये गारवा येतो तो भिंतींतून. पातळ धातूच्या भिंतीमागे कॉइल गुंडाळलेली असते. तिच्यातलं शीतक द्रव्य बाष्प होताना भिंतीतली उष्णता ओढून घेतं. साहजिकच भिंत ही पेटीतली सर्वांत थंड जागा. पेटीत तुम्ही ४ अंश मागितले, तरी कॉम्प्रेसर चालू असताना भिंतीचा पृष्ठभाग शून्याखाली जातो. त्यावर दिसणारा पांढरा हिमाचा थर हा त्याचा पुरावा. भिंतीला लागलेली हवा थंड होते, जड होते, तळाशी उतरते आणि तिथेच राहते. वर झाकणाखाली कॉइल नसते. उलट झाकणाच्या रबरी कडेतून बाहेरची ऊब सतत आत झिरपत असते.

बऱ्याच पेट्यांत एका बाजूला पायरीसारखा उंचवटा असतो. त्याच्या खाली कॉम्प्रेसर बसवलेला असतो. तिथली जागा उथळ, झाकणाजवळची आणि कॉइलपासून लांबची, म्हणून ती उरलेल्या पेटीपेक्षा उबदार. म्हणजे एकाच पेटीत निदान चार हवामानं असतात: भिंतीलगतचं, तळाचं, मधलं, आणि झाकणाखालचं व पायरीवरचं. तापमान मोजणारा संवेदक यांतल्या एकाच ठिकाणी असतो, बऱ्याचदा भिंतीजवळ. त्याला ४ अंश मिळाले की तो कॉम्प्रेसर थांबवतो. झाकणाखालच्या दुधाचं काय झालं, हे त्याला समजण्याचा मार्गच नाही.

यात भर पडते ती चढउताराची. कॉम्प्रेसर सतत चालत नाही. तापमान ठरलेल्या आकड्याच्या दोन-तीन अंश वर गेलं की सुरू होतो, खाली आलं की थांबतो. पेटी जवळजवळ रिकामी असेल तर हे हेलकावे मोठे आणि घाईघाईचे होतात, कारण हवेत उष्णता साठवण्याची ताकद नगण्य असते.

यंत्र कोणतं, तेवढी अपेक्षा

बाजारात प्रवासी फ्रीज या एकाच नावाखाली तीन वेगळी यंत्रं मिळतात, आणि निम्मा अपेक्षाभंग तिथूनच सुरू होतो.

सर्वांत स्वस्त आणि हलकं यंत्र पेल्टिए परिणामावर चालतं. दोन वेगळ्या वाहकांच्या जोडातून वीज गेली की एक बाजू थंड आणि दुसरी गरम होते, हे फ्रान्सच्या जाँ शार्ल पेल्टिए यांनी १८३४ मध्ये दाखवलं. आजच्या पेट्यांत बिस्मथ टेल्युराइडच्या अशा अनेक जोड्या असलेली काड्यापेटीएवढी चकती असते. तिला हलते भाग नाहीत, आवाज फक्त पंख्याचा. पण ती बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १५ ते २० अंशच खाली जाऊ शकते. नागपूरच्या मे महिन्यात गाडीत ४२ अंश असतील तर आत २२ मिळाले तरी पुष्कळ. आधीच गार केलेलं पाणी आणि सरबतं यांसाठी ती ठीक आहे. दूध, पनीर, मासे, शिजवलेला भात तिच्या भरवशावर ठेवू नये. आणि वीज बंद झाली की त्याच चकतीतून बाहेरची उष्णता आत शिरू लागते.

दुसरं यंत्र शोषण पद्धतीचं. स्टॉकहोममध्ये शिकत असलेल्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन तरुणांनी १९२२ मध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन यांच्यावर चालणारा, कॉम्प्रेसर नसलेला फ्रीज तयार केला. त्याला वीज नको, नुसती उष्णता पुरते. म्हणून तो गॅसच्या ज्योतीवरही चालतो. पाश्चात्त्य देशांतल्या कॅराव्हॅनमध्ये तो अनेक दशकं टिकून आहे. पण आतले द्रव गुरुत्वाकर्षणाने वाहत असल्याने तो जवळपास सपाट जमिनीवरच नीट चालतो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याची दमछाक होते. घाटात त्याचं काम नव्हे.

तिसरं यंत्र म्हणजे १२ किंवा २४ व्होल्टवर चालणारा खराखुरा कॉम्प्रेसर. तो महाग आणि जड असतो, पण बाहेर कडक ऊन असताना आत बर्फ करू शकतो आणि गाडी कलली तरी चालतो. पुढचं सगळं विवेचन मुख्यतः याच फ्रीजला धरून आहे. ताकद भरपूर असल्यामुळे गारवा नीट न वाटला जाण्याची अडचण इथेच सर्वांत जास्त जाणवते.

हवा हलकी, पाणी जड

झाकण उघडलं की थंडी गेली, असं म्हणत आपण मुलांना दटावतो. जरा हिशेब करून पाहू. ४० लिटर हवेचं वजन जेमतेम ५० ग्रॅम. ती ३५ अंशांवरून ५ अंशांवर आणायला सुमारे दीड किलोज्यूल उष्णता बाहेर काढावी लागते. पावसाळ्यातल्या कोकणातली दमट हवा असेल तर तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होताना आणखी दोनेक किलोज्यूल बाहेर पडतात. सगळे मिळून साडेतीन धरू.

आता वाटेत विकत घेतलेली, ३५ अंशांची १ लिटर पाण्याची बाटली आत ठेवली. ती ५ अंशांवर आणायला १२५ किलोज्यूल काढावे लागतात. म्हणजे एक कोमट बाटली आत टाकणं हे पेटीतली सगळी हवा पस्तीस वेळा बदलण्यासारखं आहे. यंत्र ५० वॉट वेगाने उष्णता बाहेर काढत असेल, तर त्या एका बाटलीसाठी त्याची चाळीसेक मिनिटं जातात. तेवढ्या वेळात ती बाटली शेजारच्या डब्यांना ऊब देत राहते, आणि संवेदक दूर असेल तर त्याला याचा पत्ताही लागत नाही.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. पहिली, फ्रीज आणि त्यात जायचं सामान दोन्ही आदल्या रात्रीच घरच्या विजेवर थंड करून घ्यावं. प्रवासात यंत्राचं काम थंडी टिकवण्याचं. गरम वस्तू थंड करण्याचं काम त्याला शक्यतो देऊ नये. दुसरी, जी गोष्ट बाटलीला गार व्हायला वेळ लावते तीच ती गार झाल्यावर आपल्या उपयोगी पडते. पेटीतल्या थंड पाण्याच्या बाटल्या आणि भरलेले डबे कॉम्प्रेसरच्या चालू-बंदचे हेलकावे पचवतात. भरलेली पेटी रिकाम्या पेटीपेक्षा जास्त स्थिर असते ती यामुळेच. मात्र ठासून भरलेल्या पेटीत हवेला वाट उरत नाही आणि थर आणखी घट्ट होतात. वस्तूंच्या मध्ये बोटभर फट ठेवली की दोन्ही साधतं.

लसीच्या पेटीकडून शिकावं असं

गारवा सारखा राखण्याचं सर्वांत काटेकोर काम आपल्या देशात रोज चालतं ते प्राथमिक आरोग्य केंद्रांत. तिथे लसी ठेवायला आयएलआर नावाचा फ्रीज असतो. तोही वरून उघडणारा, पेटीसारखा. त्याच्या भिंतींच्या आत पाण्याच्या नळ्यांचं किंवा आइसपॅकचं अस्तर असतं. वीज असताना ते गोठतं आणि वीज गेल्यावर हळूहळू वितळत आतलं तापमान धरून ठेवतं. दिवसातून ८ तास वीज मिळाली तरी लसी २ ते ८ अंशांत राहाव्यात, अशी त्याची रचना आहे.

पण खरी शिकवण मांडणीत आहे. आयएलआरचा तळ सर्वांत थंड असतो हे गृहीत धरूनच तिथले नियम केलेले आहेत. पोलिओचे थेंब आणि गोवराची लस उष्णतेने बिघडते, थंडीने नाही. म्हणून ती खाली. हिपॅटायटिस-बी, धनुर्वात यांच्या लसी गोठल्या की निकामी होतात; म्हणून त्या वरच्या जाळीच्या टोपलीत. टोपली नसेल तर तळाशी रिकाम्या आइसपॅकचे दोन थर अंथरायचे आणि त्यावर लसी ठेवायच्या, म्हणजे त्या थेट तळाला टेकत नाहीत. खोक्यांमध्ये हवा फिरायला जागा सोडायची. थर्मामीटर ठेवायचा तो गोठण्याची भीती असलेल्या लसींच्या मधोमध, आणि दिवसातून दोनदा त्याची नोंद करायची.

लसीकरणाच्या दिवशी गावात जाणाऱ्या व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये चार आइसपॅक असतात. डीप फ्रीजरमधून काढल्या काढल्या ते आत घालत नाहीत. ते बाहेर ठेवून त्यांना घाम येऊ द्यायचा, कानाशी धरून हलवायचं, आत पाण्याचा आवाज आला की मगच घालायचे. फ्रीजरमधून आलेला बर्फ उणे १५-२० अंशांचा असतो आणि त्याला टेकलेली कुपी गोठू शकते. बर्फ आणि पाणी एकत्र नांदू लागले की पॅकचं तापमान शून्यावर स्थिरावतं, आणि सगळा बर्फ वितळेपर्यंत तिथून हलत नाही.

आपल्या प्रवासी फ्रीजला हे जसंच्या तसं लागू पडतं. घरच्या फ्रीजरमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या बरोबर न्यायच्या असतील, तर आधी त्यांना घाम येऊ द्यावा आणि मगच त्या भाजीशेजारी ठेवाव्यात. बाटली गोठवताना ती काठोकाठ भरू नये. पाण्याचा बर्फ होताना आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. आणि बर्फात मीठ घालू नये. पॉट आइस्क्रीमसाठी मीठ-बर्फाचं मिश्रण उत्तम, कारण ते उणे २१ अंशांपर्यंत खाली जाऊ शकतं. नेमकं त्याच कारणासाठी ते कोथिंबिरीच्या शेजारी नको.

कोण खाली, कोण वर

मांडणी ठरवताना प्रत्येक वस्तूसाठी एकच प्रश्न पुरतो: हिला भीती उबेची आहे की गोठण्याची?

मासे, मटण, चिकन यांना उबेची भीती. ती घट्ट झाकणाच्या डब्यात तळाशी ठेवावीत. असं केल्याने कच्च्या मांसाचं पाणी दुसऱ्या अन्नावर गळण्याचा धोकाही टळतो. मासळी बाजारात सुरमई किंवा बांगडा चुरा केलेल्या बर्फाच्या थरांत रचतात, त्यामागेही हाच विचार आहे. बर्फाचा प्रत्येक तुकडा माशाला चिकटलेला असतो आणि वितळलेलं शून्य अंशाचं पाणी उरलेल्या फटींतून वाहत खाली जातं. हवेला मध्ये येऊच दिलेलं नसतं. आपल्या उष्ण हवेत मासळीच्या वजनाइतका बर्फ घालतात तो उगीच नाही. गाडीतल्या फ्रीजमध्ये मासे न्यायचे तर डब्यात खाली जाळी ठेवून, चुरा बर्फात गाडून न्यावेत. फ्रीज त्या बर्फाला जपेल आणि बर्फ माशांना.

मधल्या भागात दूध, दही, पनीर, शिजवलेल्या भाज्या, भात. भात दिसायला निरुपद्रवी, पण त्यातले बॅसिलस सिरियसचे बीजाणू शिजवूनही तगतात आणि कोमट भातात वाढतात. तो पसरट डब्यात लवकर निववून मगच ठेवावा. वरच्या टोपलीत कोथिंबीर, पालक, काकडी, अंडी. पालेभाजी कोरड्या फडक्यात गुंडाळून, भिंतीपासून दूर. भिंत आणि सामान यांत अंतर राहावं म्हणून पेटीबरोबर येणारी तारेची टोपली काढून टाकू नये. जागा जास्त मिळते म्हणून अनेक जण ती घरीच ठेवतात, आणि मग भाजी गोठल्याची तक्रार करतात.

काही वस्तू तर आत घ्यायच्याच नाहीत. केळी १२-१३ अंशांखाली काळी पडतात, टोमॅटोची चव जाते. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, चिवडा ही आपली प्रवासाची शिदोरी फ्रीजशिवाय टिकण्यासाठीच रचलेली आहे. तिला बाहेर ठेवलं की खऱ्या गरजवंतांना जागा आणि हवा दोन्ही मिळतात.

पायरीवरच्या उथळ कप्प्यात लोणी, चॉकलेट, बंद बाटल्यांतली सरबतं ठेवावीत; जिथे दोन-तीन अंश इकडेतिकडे झाले तरी बिघडत नाही अशाच वस्तू. इन्सुलिन मात्र तिथे नको आणि भिंतीलाही नको. न उघडलेल्या इन्सुलिनला २ ते ८ अंश लागतात, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन सुटल्यावर कितीही स्वच्छ दिसलं तरी टाकूनच द्यावं लागतं. ते छोट्या डब्यात, कापडात गुंडाळून, पेटीच्या मधोमध ठेवावं.

हवा हलवणं आणि खरं मोजणं

मांडणी सुधारूनही वर-खाली फार फरक राहत असेल तर हवेला थोडं ढकलावं लागतं. संगणकात असतो तसा १२ व्होल्टचा छोटा पंखा तळाशी, तोंड वर करून बसवला की खाली साचलेली थंड हवा झाकणापर्यंत जाते. पंखा एक-दोन वॉट वीज खातो आणि तेवढी उष्णता आतच सोडतो. चांगल्या पेटीच्या भिंतींतून बाहेरची उष्णता साधारण १५ वॉट वेगाने आत येत असते. त्या मानाने ही भर परवडते. पंख्यामुळे पानं सुकतात, एवढं लक्षात ठेवून भाजी झाकावी. भिंतीवर हिमाचा जाड थर साचू देऊ नये. हिम उष्णतेला अडवतं, त्यामुळे भिंत अधिक थंड आणि पेटी अधिक उबदार होत जाते.

मोजायचं कसं, हे त्याहून महत्त्वाचं. हवेत लटकवलेला थर्मामीटर झाकण उघडताच उडी मारतो आणि आपण घाबरतो. अन्न इतक्या पटकन तापत नाही. छोट्या बाटलीत पाणी भरून त्यात थर्मामीटरची काडी बुडवली, की अन्नाचं म्हणावं असं तापमान मिळतं. अशा तीन बाटल्या करून एक तळाशी, एक मध्ये आणि एक झाकणाखाली ठेवावी. पेटी प्रवासात भरतो तशीच भरून घरी रात्रभर चालवावी आणि सकाळी तिन्ही आकडे लिहून काढावेत. पडद्यावरच्या ४ चा आपल्या पेटीपुरता अर्थ काय, हे तेव्हा कळतं. वर ७ आणि तळाशी २ मिळाले, तर आकडा कमी करण्याचा मोह टाळावा. तसं केलं की तळ गोठेल. आधी मांडणी बदलावी, फटी मोकळ्या कराव्यात, मग पंखा, आणि सगळ्यात शेवटी आकडा.

रात्रीचा प्रश्न

गाडी थांबली, किल्ली काढली, की अनेक गाड्यांत १२ व्होल्टच्या सॉकेटची वीज तुटते. ती चालू राहिली तरी गाडीची बॅटरी रात्रभर पिळून काढणं शहाणपणाचं नाही. चांगल्या फ्रीजमध्ये बॅटरी ठरावीक पातळीखाली गेली की यंत्र आपोआप बंद होतं. म्हणजे रात्रीचे ८ तास पेटीला स्वतःच्या साठ्यावर काढावे लागू शकतात. भिंतींतून १५ वॉटने येणारी उष्णता ८ तासांत सुमारे ४३० किलोज्यूल होते. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल शोषतो. तेव्हा १ लिटरच्या गोठलेल्या दोन बाटल्या एक रात्र निभावून नेतात. त्या झाकणाच्या जवळ, सामानाच्या वर आडव्या ठेवाव्यात. बर्फाभोवतीची थंड हवा तिथून खाली उतरते, आणि सर्वांत उबदार जागेलाच पहिला गारवा मिळतो. चार अंशांवर लावलेल्या पेटीत या बाटल्या पुन्हा गोठत नाहीत, म्हणून दुसऱ्या रात्रीची सोय मुक्कामाच्या ठिकाणी करावी: भिंतीतल्या विजेवर फ्रीज लावावा किंवा बाटल्या यजमानांच्या फ्रीजरमध्ये द्याव्यात.

दिवसा उन्हात उभ्या गाडीत तापमान ६० अंशांच्या पुढे जाऊ शकतं. यंत्राने आतून काढलेली उष्णता बाहेर टाकायची ती याच हवेत. म्हणून पेटीच्या जाळीजवळ बॅगा टेकवू नयेत, गाडी सावलीत लावावी आणि शक्य असेल तिथे काच बोटभर उघडी ठेवावी.

प्रवासी फ्रीज घेताना आपण लिटर विचारतो, वॉट विचारतो, उणे किती अंशांपर्यंत जातो ते विचारतो. गोठवण्याची ताकद बहुतेक कॉम्प्रेसर-फ्रीजमध्ये गरजेपेक्षा जास्तच असते. लहान मुलाचं दूध, आजोबांचं इन्सुलिन, बाजारातून आणलेली मासळी यांना हव्या असलेल्या मोजक्या चार अंशांत दिवसभर राखणं हे त्या ताकदीचं खरं काम, आणि ते यंत्र एकट्याने करू शकत नाही. पेटी भरणाऱ्या माणसाला भिंत कुठे आहे, तळ किती थंड आहे आणि झाकणाखाली काय ठेवू नये, एवढं ठाऊक असलं की साधा, एकाच कप्प्याचा फ्रीजही हे काम चोख करतो.